ॲडमिन असूनही ‘एरर १४०२’: रजिस्ट्रीची परमिशन नेमकी कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० चा लॅपटॉप, अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं. पीडीएफचं एक जुनं सॉफ्टवेअर काढून त्याचंच नवं व्हर्जन टाकायला घेतलं, तर निम्म्यावर ‘एरर १४०२, कुड नॉट ओपन की: अननोन\कंपोनंट्स\’ आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. रिट्राय दाबलं तर पुन्हा तेच. कॅन्सल दाबलं तर केलेलं सगळं मागे फिरतं आणि १६०३ दाखवून इन्स्टॉलर बंद होतो. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून झालं, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंगचा साठा, त्यातल्या फोल्डरसारख्या कप्प्याला ‘की’ म्हणतात) साफ करणारा क्लीनर फिरवून झाला. आता कुणीतरी सांगितलंय, संपूर्ण एचकेएलएमला (म्हणजे रजिस्ट्रीतल्या अख्ख्या मशीनच्या भागाला) ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ द्या, सगळं सुटेल. देऊ का?

नका देऊ. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी लक्षात घ्या. एचकेएलएमच्या पोटात सॅम नावाचा भाग आहे, त्यात या मशीनवरच्या अकाउंटच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) असतात. ॲडमिनिस्ट्रेटरने रेगएडिट (रजिस्ट्री बघायचं-बदलायचं विंडोजचं साधन) उघडलं तरी तिथे आत काही दिसत नाही, कारण ते सिस्टिम या खात्यापुरतंच राखून ठेवलेलं असतं. शेजारीच सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस आहे. कुठली सर्व्हिस सुरू करताना कुठली फाइल चालवायची, हे तिथल्या इमेजपाथमध्ये लिहिलेलं असतं. ते कुणालाही बदलता आलं, तर ब्राउझरमधून उतरलेला एखादा फालतू प्रोग्राम स्वतःचा पत्ता तिथे टाकेल आणि पुढच्या रिस्टार्टला थेट सिस्टिमच्या अधिकारात चालेल. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजमधली अशीच एक चूक उघड झाली होती. रजिस्ट्रीच्या मूळ फाइल साध्या युजरला नुसत्या वाचता येत होत्या, तेवढ्यावरून तिला ‘हाइव्हनाइटमेअर’ नाव पडलं आणि मायक्रोसॉफ्टला ऑगस्टमध्ये पॅच द्यावा लागला. तुम्ही तर लिहायचीही मुभा देऊन बसाल.

आता मुळाशी येऊ. तुम्ही ॲडमिन आहात की नाही, याचा या एररशी जवळपास संबंधच नाही. एमएसआय प्रकारच्या पॅकेजमध्ये ज्या खिडकीत आपण नेक्स्ट-नेक्स्ट करतो ती एक प्रोसेस असते आणि खरं काम करणारी दुसरीच. ती दुसरी म्हणजे ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सर्व्हिस. ती लोकलसिस्टिम खात्याखाली चालते आणि एचकेएलएममध्ये लिहिण्याचं काम तीच करते. म्हणजे कीचं दार बंद आहे ते सिस्टिमला. लोक रेगएडिटमध्ये जाऊन त्या कीवर स्वतःच्या नावाला फुल कंट्रोल देतात, पुन्हा इन्स्टॉल करतात, पुन्हा १४०२ येतो, मग ‘परमिशन दिली तरी होत नाही’ म्हणून विंडोजला शिव्या घालतात. परमिशन दिली खरी, पण ज्याला हवी होती त्याला नाही दिली.

आणि ‘अननोन\कंपोनंट्स’ अशा नावाची की रेगएडिटमध्ये शोधूनही सापडणार नाही. तिचा खरा पत्ता असा: एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\इन्स्टॉलर\युजरडेटा\एस-१-५-१८\कंपोनंट्स. यातला एस-१-५-१८ हा सिस्टिम खात्याचाच ओळख क्रमांक. सगळ्या युजरसाठी टाकलेल्या सॉफ्टवेअरचा हिशोब विंडोज इन्स्टॉलर इथे ठेवतो. कंपोनंट्सखाली ३२ अक्षरी नावांच्या शेकडो, कधी हजारो कीज असतात. ही नावं म्हणजे कंपोनंटचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकेका भागाचे, जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक), पण अक्षरं गटागटाने उलटी फिरवून, मधल्या रेघा काढून ठेवलेले. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्ट कोडशी ते जुळवत बसू नका. ती की एकदा उघडली म्हणजे आतल्या व्हॅल्यूमध्ये कुठल्या फाइलसाठी ही नोंद आहे तो पत्ता सरळ दिसतो, आणि बिघाड कुणाच्या उरलेल्या कचऱ्यात आहे तेही कळतं. बऱ्याचदा ते तुम्ही टाकत असलेल्या सॉफ्टवेअरचं जुनं, अर्धवट निघालेलं व्हर्जन असतं. क्लीनरचा इथे उपयोग नाही. तो नोंदी उडवतो, परमिशन दुरुस्त करत नाही. आणि जी की सिस्टिमला उघडत नाही ती क्लीनरलाही उघडत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी लॉग काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एमएसआयएक्झेक, स्लॅश आय, अवतरण चिन्हात पॅकेजचा पूर्ण पत्ता, मग स्लॅश एल स्टार व्ही आणि लॉग फाइलचा पत्ता, अशी आज्ञा द्या. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) इन्स्टॉलेशन पडलं, की ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. पहिल्यांदा जिथे सापडेल तिथून थोडं वर सरका, मूळ एरर तिथे असतो. शेवटचा १६०३ हा नुसता ‘जमलं नाही’ एवढंच सांगतो. त्याच्या नावाने इंटरनेट धुंडाळणाऱ्यांचे दिवसच्या दिवस फुकट जातात.

लॉग काढण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १४०२ च्या मूळ मजकुरात ‘सिस्टिम एरर’ असा एक आकडा असतो. विंडोज इन्स्टॉलर तो स्क्रीनवरच्या खिडकीत दाखवत नाही, फक्त लॉगमध्ये लिहितो. खिडकीत नेहमी ‘पुरेसा ॲक्सेस आहे का पाहा’ हेच वाक्य दिसतं, कारण काहीही असो. लॉगमध्ये सिस्टिम एरर ५ असेल तर खरंच ॲक्सेस डिनाइड, पुढचं सगळं तुमच्या कामाचं. १०१८ असेल तर परमिशनचा प्रश्नच नाही. ती की डिलीट करायच्या खुणेची झाली आहे, कुणीतरी तिला अजून धरून ठेवलंय, इतकंच. मशीन रिस्टार्ट करा, बहुतेक वेळा काम होतं. हा आकडा न पाहता ज्यांनी अख्ख्या रजिस्ट्रीच्या परमिशन बदलल्या, अशी मशीनं माझ्याकडे दुरुस्तीला आलेली आहेत. त्यांना खरं तर फक्त एक रिस्टार्ट हवा होता.

१४०२ चे भाऊबंदही ओळखून ठेवा: १४०१ म्हणजे की तयार करता आली नाही, १४०४ म्हणजे डिलीट करता आली नाही, १४०६ म्हणजे व्हॅल्यू लिहिता आली नाही. चौघांचं औषध एकच. पत्त्यात ‘लोकल_मशीन’च्या पुढे ३२ चिकटलेलं दिसलं तर रेगएडिटमध्ये सॉफ्टवेअरखालच्या ‘वाव६४३२नोड’मध्ये बघायचं, कारण ३२ बिटी प्रोग्रामांचं बिऱ्हाड तिथे असतं. हे माहीत नसलं, की माणूस भलत्याच कीची परमिशन नीट करत बसतो.

लॉग पुरेसा वाटला नाही तर प्रोसेस मॉनिटर. सिसइंटर्नल्सचं हे साधन मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. फिल्टरमध्ये ‘रिझल्ट इज ॲक्सेस डिनाइड’ लावा, कॉलम निवडायच्या ठिकाणी ‘युजर’ हा कॉलम चालू करा आणि एरर येईपर्यंत इन्स्टॉलर चालवा. ओळींचा पूर येईल, घाबरू नका. निरोगी मशीनवरही ॲक्सेस डिनाइडच्या ओळी दिसतात, कारण बरेच प्रोग्राम आधी जास्त अधिकार मागून बघतात आणि नाही म्हटलं तर कमी मागतात. तुम्हाला हवी ती ओळ अशी असते: प्रोसेस एमएसआयएक्झेक, युजर ‘एनटी ऑथॉरिटी\सिस्टिम’, ऑपरेशन ‘रेगओपनकी’ किंवा ‘रेगक्रिएटकी’, आणि पत्ता लॉगमधल्या पत्त्याशी जुळणारा. प्रोसेस मॉनिटरमध्ये ‘अननोन’ वगैरे भानगड नसते, पूर्ण पत्ता मिळतो. त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘जंप टू’ म्हटलं, की रेगएडिट त्याच जागी उघडतं.

आता दुरुस्ती. आधी रिस्टोअर पॉइंट करा. बऱ्याच मशीनवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, ते चालू करून मग करा. ‘मी ती की एक्सपोर्ट करून ठेवलीय’ यावर विसंबू नका. रेगएडिटमधून काढलेल्या डॉट रेग फाइलमध्ये कीज आणि व्हॅल्यू असतात, परमिशन नसतात. आपण बिघडवणार आहोत, बिघडवलाच तर, परमिशनचाच भाग, म्हणजे तो बॅकअप नेमका नको तिथे रिकामा. कमांड लाइनवरचं ‘रेग सेव्ह’ परमिशनसकट साठवतं, पण कुलूपबंद कीवर तेही कधी कधी रुसतं. रिस्टोअर पॉइंट बरा.

आणि इन्स्टॉलरची एररची खिडकी बंद करू नका. ती तशीच मागे उघडी राहू दे. तिकडे की दुरुस्त केली, की इकडे येऊन रिट्राय दाबायचं. कॅन्सल करून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

रेगएडिटमध्ये त्या कीवर राइट क्लिक करून परमिशन्स उघडा. दोनपैकी एक चित्र दिसेल. पहिल्यात यादी दिसते, पण तिच्यात सिस्टिम नाही, किंवा कुणासाठी तरी ‘डिनाय’ची नोंद आहे. दुसऱ्यात यादीच दिसत नाही. ‘सुरक्षेची माहिती बघायची परवानगी नाही’ असा निरोप येतो आणि ॲडव्हान्स्डमध्ये ओनरच्या जागी ‘सध्याचा ओनर दाखवता येत नाही’. तुमचं वर्णन वाचून तुमच्याकडे हे दुसरं चित्र असावं असं वाटतं, कारण जुनं व्हर्जन अर्धवट निघालं, की असंच होतं.

दुसऱ्या चित्रात आधी ओनर बदलायचा. ॲडव्हान्स्डमध्ये ओनरपुढे ‘चेंज’, तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ टाइप करून ‘चेक नेम्स’, ओके. खाली ‘सबकंटेनर्सचाही ओनर बदला’ या अर्थाचा चौकोन आहे, त्यावर टिक, अप्लाय. परवानगी नसतानाही हे जमतं, कारण ओनरशिप घ्यायचा हक्क ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला वेगळा दिलेला असतो. मग या सगळ्या खिडक्या ओके करून बंद करा आणि परमिशन्स पुन्हा उघडा. ही पायरी लोक गाळतात. ओनर बदलल्यावर त्याच खिडकीत यादी ताजी होत नाही, आणि ‘अजून दिसत नाही’ म्हणून माणूस भलत्याच वाटेला लागतो.

पुन्हा उघडल्यावर ॲडव्हान्स्डमध्ये ‘एनेबल इनहेरिटन्स’ करा. वरच्या कंपोनंट्स कीची परमिशन खाली उतरते, आणि सहसा तेवढ्याने सिस्टिमला फुल कंट्रोल, ॲडमिनिस्ट्रेटर्सला फुल कंट्रोल आणि बाकीच्यांना वाचण्यापुरती मुभा अशी यादी उभी राहते. डिनायची नोंद असेल तर ती निवडून काढा. नुसती अलाऊ जोडून भागत नाही, कारण कीवर थेट लावलेली डिनाय ही अलाऊच्या आधी तपासली जाते. यादी नेमकी कशी असावी हे पाठ करायची गरज नाही. शेजारची कुठलीही धड चालणारी ३२ अक्षरी की उघडा आणि दोन्हींच्या याद्या ताडून बघा. मी स्वतः नेहमी हेच करतो. मग रिट्राय.

रिट्राय दाबलं, की एकतर गाडी पुढे जाते किंवा त्याच एररमध्ये नवी ३२ अक्षरं येतात. नवी आली म्हणजे तुमची दुरुस्ती बरोबर होती, फक्त बिघडलेल्या कीज अनेक आहेत. दोन-चार असतील तर एकेक करून उरका. रांगच लागली तर कंपोनंट्स या वरच्या कीवर जाऊन ॲडव्हान्स्डमध्ये ‘खालच्या सगळ्यांच्या परमिशन बदलून इथल्या लावा’ या अर्थाच्या चौकोनावर टिक करायची. कंपोनंट्सखाली सगळ्यांची परमिशन साधारण एकसारखीच असते, म्हणून इथे हा सपाटा चालतो. त्याच्या वर, म्हणजे इन्स्टॉलर, करंटव्हर्जन किंवा सॉफ्टवेअर या पातळीवर, हे अजिबात करू नका. तिथे प्रत्येक फांदीची परमिशन मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते. विंडोज व्हिस्टापासून बऱ्याच कीजचा ओनर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ (विंडोजचीच अपडेट बसवणारी सर्व्हिस) आहे, तो एका टिकमध्ये पुसला जाईल आणि परिणाम पुढच्या विंडोज अपडेटला भेटतील.

हा सपाटा मारताना ‘रजिस्ट्री एडिटरला या किंवा यातल्या काही सबकीजची सुरक्षा बदलता आली नाही’ असा निरोप आला, तर खाली कुठेतरी एखादी ओनरहीन की अडून बसली आहे. कुठली, ते निरोपात सांगत नाहीत. प्रोसेस मॉनिटरमध्ये प्रोसेस रेगएडिट असा फिल्टर लावून पुन्हा तोच प्रयोग करा, नाव मिळेल. किंवा सिसइंटर्नल्सच्याच पीएसएक्झेकने रेगएडिट सिस्टिम खात्यात उघडा, डॅश एस आणि डॅश आय लावून. काम झालं, की ती खिडकी लगेच बंद करा. तिच्यात सॅमही उघडं दिसतं आणि चुकून दाबलेल्या डिलीटला कुणी अडवत नाही.

याच कामासाठी सबइनॅकल नावाच्या जुन्या साधनाची एक बॅच फाइल वर्षानुवर्षं फिरते आहे. एचकेएलएम, एचकेसीयू (चालू युजरच्या सेटिंगचा भाग), एचकेसीआर (फाइल प्रकारांच्या नोंदींचा भाग), सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिमचं फुल कंट्रोल, पाठोपाठ विंडोजच्या फोल्डरलाही. कधी कधी ती चालते, हे मान्य. पण ती प्रत्येक कीवर नोंद चढवत जाते, ती कुठे गरजेची होती आणि कुठे नव्हती याची यादी मागे राहत नाही, आणि पूर्ववत करायचा रस्ता उरत नाही. सेकएडिट या विंडोजच्या कमांडने डीफॉल्ट सुरक्षा बसवण्याचा सल्लाही तसाच. एक्सपीच्या काळात तो ठीक होता. व्हिस्टापासून पुढे त्या टेम्प्लेटमध्ये सगळ्या डीफॉल्ट परमिशन नसतात, त्यामुळे मशीन ‘होतं तसं’ होत नाही. एसएफसी स्कॅन तर फाइलींसाठी आहे, रजिस्ट्रीच्या परमिशनला तो हातही लावत नाही. जुने लोक ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ची आठवण काढतात, ते मायक्रोसॉफ्टने २०१० मध्येच मागे घेतलं, कारण त्याने दुसऱ्याच सॉफ्टवेअरची मोडतोड होत होती. त्यानंतर आलेला प्रोग्राम इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचा ट्रबलशूटर अर्धवट निघालेल्या सॉफ्टवेअरसाठी जरूर चालवून बघा, नुकसान करत नाही. कुलूपबंद कीपुढे मात्र तोही हात टेकताना मी पाहिला आहे.

आता यादी शंभर टक्के बरोबर, सिस्टिमला फुल कंट्रोल, ओनर ठीक, तरी ॲक्सेस डिनाइड, असं झालं तर? तर संशय अँटिव्हायरसवर. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसून रजिस्ट्रीची प्रत्येक मागणी परमिशनच्या तपासणीआधीच अडवू शकतो, आणि वर येणारा एरर तोच, ५ नंबरचा. एका सीएच्या ऑफिसात डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर बसत नव्हता, ऐन रिटर्नच्या गर्दीत. एरर १४०६, की होती करंटव्हर्जनखालची ‘रन’, म्हणजे मशीन चालू होताना काय काय सुरू करायचं ती जागा. परमिशन अगदी स्वच्छ. विचारलं तर म्हणाले, अँटिव्हायरस होता, मुदत संपली म्हणून काढून टाकला. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘एफएलटीएमसी’ टाइप केलं, तर लोड झालेल्या फिल्टर ड्रायव्हरच्या यादीत त्याच अँटिव्हायरसचा ड्रायव्हर ठाण मांडून बसलेला. प्रोग्राम गेला होता, पहारेकरी ड्यूटीवरच होता. कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवून रिस्टार्ट केलं आणि टोकन पहिल्या फटक्यात बसलं. चालू असलेल्या अँटिव्हायरसच्या बाबतीत नुसतं ‘रिअल टाइम स्कॅन’ बंद करून भागत नाही, ‘सेल्फ प्रोटेक्शन’ किंवा ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ अशा नावाचा वेगळा खटका असतो, तो बघा. ऑफिसचं मशीन असेल तर तो खटका तुमच्या हातात नसतो, आणि तो फिरवायच्या खटपटीत पडूही नका. आयटीवाल्यांना लॉगमधली ती ओळ पाठवा, ते काम पाच मिनिटांचं आहे.

एमएसआय नसलेल्या सेटअपचं गणित वेगळं. इनो सेटअपने बनवलेले इन्स्टॉलर ‘रेगक्रिएटकीईएक्स फेल्ड, कोड ५’ असं स्पष्ट सांगतात. हे इन्स्टॉलर सर्व्हिसमार्फत काम करत नाहीत, ज्या युजरने चालवलं त्याच्या हक्कात करतात. इथे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ला खरोखर अर्थ आहे. तिथल्या ‘इग्नोर’ बटणाच्या मोहात पडू नका, सॉफ्टवेअर बसल्यासारखं दिसतं आणि लायसन्स टाकताना रडतं. आणि साध्या अकाउंटवर बसून दुसऱ्या ॲडमिनचा पासवर्ड टाकून इन्स्टॉल केलं असेल, तर एचकेसीयूमधल्या नोंदी त्या ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये जातात, तुमच्या नाही. एरर येत नाही, फक्त ‘सेटिंग लक्षात राहत नाही’ अशी तक्रार उरते.

हे सगळं करूनही कीज एकामागून एक निघतच राहिल्या, किंवा आधी कुणी ती सबइनॅकलची फाइल चालवून गेलं असेल, तर परमिशनमागे धावू नका. विंडोजच्या आयएसओमधलं (इन्स्टॉलेशनच्या डिस्क फाइलमधलं) सेटअप चालू विंडोजमधूनच सुरू करा आणि ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडा. विंडोजच्या स्वतःच्या कीज त्यात नव्याने मांडल्या जातात आणि तुमचा डेटा जागेवर राहतो. बॅकअप अर्थातच आधी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा लॅपटॉप ११ च्या अटींत बसत असेल तर हेच काम ११ च्या आयएसओने उरका.

सॉफ्टवेअर बसल्यावर दोन गोष्टी. कंपोनंट्सखालच्या कीजचा ओनर ॲडमिनिस्ट्रेटर्स राहिला तरी बिघडत नाही. पण वाटेत कुठे ट्रस्टेडइन्स्टॉलरची की हाताळली असेल, तर ओनरच्या जागी ‘एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असं पूर्ण टाइप करून परत द्या. यादीतून शोधायला गेलात तर ते नाव सापडत नाही. आणि अँटिव्हायरसचे बंद केलेले खटके त्याच बैठकीत चालू करा.